स्वल्पविरामाला हळू

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास पुतणीचा मेसेज आला. ‘काका, नोकरीचा अर्ज पाठवलाय. एकदा नजर टाक ना. सकाळी धाडायचाय.’ मी चष्मा शोधला, अर्ज उघडला आणि बोटाने थेट खाली, अगदी तळाशी गेलो. तिथे ‘युअर्स फेथफुली’ होतं. त्यातला वाय मोठा, एफसुद्धा मोठा. युअर्समधल्या एसच्या आधी डोक्यावर एक अपॉस्ट्रॉफी चढवलेला. पुढे स्वल्पविराम नाही, टिंब नाही, काहीच नाही, आणि खाली लगेच तिचं नाव. मी एफ लहान केला, अपॉस्ट्रॉफी खुडून टाकला, स्वल्पविराम घातला, मधे जागा सोडली आणि सोबत चार ओळींचं स्पष्टीकरण जोडून परत पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘थँक्यू काका! पण खरं सांग, हे कोण बघतं?’ पुढे हसणारा पिवळा चेहरा.

बरोबर होतं तिचं. कोणी बघत नाही. तिचा अर्ज आधी कुठलंसं सॉफ्टवेअर वाचणार, मग एखादा तिच्याच वयाचा मुलगा दुपारच्या जेवणाआधी चाळणार. त्याला एफ लहान की मोठा याचं काय सोयरसुतक? तरी मला झोप येईना. बरं, तिच्या बोलण्याचा रागही आला नव्हता. काय खुपतंय ते दुसऱ्या दिवशी चहा घेताना उमगलं. मी तिचा अर्ज वाचलाच नव्हता. फक्त त्याचा शेवट वाचला होता.

ही खोड घरातली आहे. बाबांची मिरजेला टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. दीड खोली, नऊ मशीन्स, त्यांतली सहा इंग्रजी आणि तीन मराठी. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढला, त्या घराण्यातली पाच. बाकीची रेमिंग्टनची, कुठल्या ना कुठल्या कचेरीच्या लिलावातून आलेली. सकाळी सहाला पहिली बॅच सुरू व्हायची. मशीन ऑइलचा, शाईच्या रिबिनीचा आणि मुलांच्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा मिळून एक वास त्या खोलीला होता, तो पावसाळ्यात दाट व्हायचा. थोडं पुढे सतारी करणाऱ्यांची दुकानं. मशीन्स क्षणभर थांबली की तिकडून तार जुळवल्याचा एकच एक स्वर ऐकू यायचा, परत परत, समाधान होईपर्यंत. बाबा म्हणायचे, ‘ऐका. तो माणूस अजून एका सुरावर अडलाय, आणि तुम्ही पान संपवून मोकळे.’

नव्या मुलाला पहिले आठ दिवस एकच काम. डाव्या हाताने ए-एस-डी-एफ-जी, उजव्या हाताने सेमीकोलन-एल-के-जे-एच. म्हणजे गावाकडून आलेल्या त्या पोराच्या उजव्या करंगळीला आयुष्यातलं पहिलं विरामचिन्ह भेटायचं ते अर्धविराम, जो पुढे जन्मभर त्याला कधी लागणार नव्हता. स्वल्पविराम नंतर यायचा, उजव्या हाताच्या मधल्या बोटाकडे, खालच्या ओळीत. तो शिकवताना बाबा मुलाच्या मागे येऊन उभे राहायचे आणि आवाज खाली आणायचे. ‘स्वल्पविरामाला हळू.’ कारण साधं होतं. एम किंवा डब्ल्यूचा खिळा कागदावर आपटतो तेव्हा त्याचा जोर सगळ्या अक्षरभर पसरतो. स्वल्पविराम आणि पूर्णविराम म्हणजे लोखंडाचं एक इवलंसं टोक, सगळा जोर तिथेच. बोट सगळीकडे सारखंच आपटलं तर कागदाला भोक पडतं. नवख्यांची पानं उजेडात धरली की चाळण दिसायची.

आणि मग पत्र. परीक्षेत गतीचा उतारा असायचा तसं पत्रही असायचं, आणि बाबांच्या मते गतीचा उतारा कोणीही गाढव मारू शकतो, माणसाची परीक्षा होते पत्राच्या शेवटाला. वाय मोठा. तो उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा, म्हणून शिफ्ट डाव्या करंगळीने. बाकी सगळी अक्षरं लहान, एफसुद्धा लहान. मग स्वल्पविराम, हळू. मग सहीसाठी चार ओळी मोकळ्या. मग कंसात नाव. ‘डिअर सर’ असेल तर खाली ‘फेथफुली’. वर माणसाचं नाव घेतलं असेल तर खाली ‘सिन्सिअरली’. ही जोडी चुकवणाऱ्याला ते विचारायचे, ‘लग्नाला आलायस की बाराव्याला, ते ठरव आधी.’

मुलांना तो लहान एफ पटत नसे. दर बॅचमधे एक तरी पोरगा म्हणायचा, सर, साहेबाला जाणारं पत्र आहे, एफ मोठा केला तर मान दिल्यासारखं दिसेल. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. ‘साहेबाला काय मान द्यायचा तो वर ‘सर’च्या एसमधे देऊन झाला. खाली आहेस तो तू. स्वतःसाठी एक मोठं अक्षर पुष्कळ झालं.’ अपॉस्ट्रॉफीवर मात्र ते चिडायचे. ‘युअर्स’मधे ‘चा’ आधीच आहे, त्याला आणखी एक ‘चा’ कशाला? फळ्यावर खडूने लिहायचे: ‘आपलाचा विश्वासू’. वर्ग हसायचा, आणि पुढच्याच पानावर कोणीतरी पुन्हा तो आकडा टांगायचा. गेली पन्नास वर्षं हा आकडा सगळ्या देशभर अर्जांच्या शेवटी टांगलेला आहे. आता माझ्या पुतणीपर्यंत पोचला, म्हणजे त्याची प्रकृती उत्तम आहे.

तो स्वल्पविराम तिथे का, हे मला बाबांनी नाही, फार उशिरा एका जुन्या इंग्रजी पत्राने शिकवलं. पूर्वीचा इंग्रज पत्र संपवायचा तेव्हा एक अख्खं वाक्य लिहायचा: ‘महाशय, आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक असण्याचा सन्मान ज्याला लाभला आहे तो मी’, आणि पुढे सही. ही नम्रतेची पायरी उतरत उतरत ओळी कागदाच्या उजव्या कोपऱ्याकडे सरकायच्या. पुढे लोकांना वेळ कमी पडू लागला. सन्मान गेला, सेवक गेला, क्रियापद गेलं. त्या मोठ्या वाक्याचं शेपूट तेवढं उरलं, ‘आपला विश्वासू’, आणि नावाच्या आधीचा तो स्वल्पविराम. एफ लहान आहे कारण तो वाक्याच्या मधला शब्द आहे. वाक्य कधीच गळून पडलं, शब्द अजून आपल्या जागी बसून आहे.

सगळीकडे हे असंच आहे असंही नाही. माझा मामेभाऊ जर्मनीत असतो. तो म्हणाला, इथे ‘मिट फ्रॉयंडलिशेन ग्र्यूसेन’ लिहितात, मैत्रीपूर्ण नमस्कारांसह, आणि पुढे स्वल्पविराम द्यायचाच नाही. दिला की कळतं, हा बाहेरून आलाय. मधला शब्द लहान, शेवटचा मोठा, कारण तो नाम आहे आणि जर्मनांची सगळी नामं मोठ्या अक्षराने सुरू होतात. पहिली दोन वर्षं त्याने प्रत्येक पत्रात स्वल्पविराम दिला. मिरजेचा हात.

मराठी मशीनवर ही मोठ्या-लहानाची भानगड नव्हती. देवनागरीत सगळी अक्षरं एका उंचीची, शिरोरेषेखाली ओळीने उभी, राजा असो की शिपाई. मराठी मशीनवरही शिफ्ट होती, पण तिचं काम वेगळं. इंग्रजीत शिफ्ट दाबली की अक्षर मोठं व्हायचं, मराठीत बहुतेक अक्षरं अर्धी व्हायची. न दाबला तर पुरा न, शिफ्टसकट दाबला तर अर्धा न्, ‘मान्यवर’मधला. इंग्रजी शिकून मग मराठीला बसलेल्या मुलांची त्यामुळे गंमत व्हायची. नाव आलं की सवयीने करंगळी शिफ्टवर जायची आणि साहेबांचं पहिलं अक्षर लंगडं उमटायचं.

मराठी पत्राची अडचण दुसरीच होती. ‘आपला विश्वासू’ म्हणताना माणूस बाई की पुरुष हे सांगावं लागतं. ‘युअर्स फेथफुली’ला त्याच्याशी देणंघेणं नाही. नमुना पत्रात ‘आपला’ छापलेलं, वर्गात निम्म्या मुली, आणि त्या मुकाट्याने ‘आपला विश्वासू’ टाइप करून खाली कंसात आपलं नाव घालायच्या. बाबांनाही पुष्कळ वर्षं यात काही वावगं दिसलं नसावं. एके दिवशी एका मुलीने पान मशीनमधून काढलं आणि पेनाने ‘ला’चा काना खोडून शेजारी ‘ली’ लिहिली. बाबांनी खाडाखोडीचा अर्धा गुण कापला. मग थोडा वेळ ते पान हातात धरून बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरच्या नमुन्यात तिरकी रेघ आली: आपला/आपली. अर्धा गुण मात्र परत दिला नाही.

सरकारी कागदांच्या शेवटांचं त्यांना वेड होतं. केंद्र सरकारच्या खात्यांमधे ‘ऑफिस मेमोरँडम’ नावाचा प्रकार चालतो, त्याला वर ‘महोदय’ नाही आणि खाली ‘आपला विश्वासू’ नाही. फक्त नाव आणि हुद्दा. बाबा म्हणायचे, ‘हा येतो तेव्हा नमस्कार करत नाही आणि जाताना निरोप घेत नाही.’ आपल्या शासन निर्णयाखाली एक ओळ असते: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. कुठे तिच्यापुढे पूर्णविराम दिसतो, कुठे स्वल्पविराम. मी अजूनही एखादा शासन निर्णय उघडला की शिधापत्रिकेचं की शाळेचं काय ठरलंय ते नंतर बघतो, आधी ते चिन्ह बघतो.

हे सगळं आपलं नव्हेच.

आपल्या जुन्या पत्रांना स्वल्पविराम माहीतच नव्हता. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मी एकदा मोडी पत्रं बघितली होती. आधी पानभर ओळ आखायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं, हात शक्यतो न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, वाक्य कुठे संपलं ते वाचणाऱ्याने आपल्या श्वासाने ठरवायचं. विरामचिन्हं मराठीत आली छापखान्याबरोबर, एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात, मोल्सवर्थच्या कोशात ज्यांचा हात आहे तेच. पण विरामचिन्ह नसलं म्हणून शेवट मोकाट नव्हता. उलट फार बंदोबस्तात होता. ‘बहुत काय लिहिणे’, ‘जाणिजे’, आणि मग मजकूर जिथे संपला तिथे खेटून एक लहानसा शिक्का, मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी असतो तो: ‘मर्यादेयं विराजते’. इथे मर्यादा शोभते आहे. म्हणजे हद्द. याच्यापुढे कोणी एक अक्षर घुसवलं तर ते आमचं नव्हे. वरचा शिक्का आणि खालचं मोर्तब मिळून झालं शिक्कामोर्तब, जे आजही रोजच्या वर्तमानपत्रात कुठल्या ना कुठल्या उमेदवारीवर होत असतं.

मला हे दोन शेवट शेजारी ठेवून बघायला आवडतं. मोर्तब म्हणजे दाराला कडी. स्वल्पविराम म्हणजे दार लोटून ठेवलेलं, कोणीतरी यायचं बाकी आहे. बाबा त्या दुसऱ्या दाराशी आयुष्यभर बसून होते.

आईच्या पत्रांना तर दारच नव्हतं. निळ्या आंतर्देशीय पत्रावर ती लिहायची, ‘कळावे, लोभ आहेच, तो वाढावा’, आणि त्यानंतर खरं पत्र सुरू व्हायचं. ता.क. मग पुन्हा ता.क. मग समासात आडवं, मग दुमडायच्या पट्टीवर उलटं, डिंकाला चिकटून दोन शब्द फाटतील अशा बेताने. शेजारच्या कोणाचं लग्न ठरलं, विहिरीचं पाणी उतरलं, आणि तुझं पोट कसं आहे, हे सगळं ‘कळावे’च्या नंतर. बाबा ते पत्र टपालात टाकण्याआधी बघायचे आणि मान हलवायचे.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. दोन विषय राहिले होते, तिसरा जाणार हे दिसत होतं, आणि होस्टेलच्या खोलीत मी आठवडाभर नीट जेवलो नव्हतो. घरी पत्र लिहिलं. मला हे जमणार नाही, मी परत येतो, असं त्यात लिहायला मला तीन कागद फाडावे लागले होते. बाबांचं उत्तर आलं. पहिलीच ओळ: ‘तुझे पत्र मिळाले. शि. सा. न. वि. वि. यात प्रत्येक अक्षरापुढे टिंब हवे, तू फक्त शेवटी दिले आहेस.’ पुढे चार ओळी, फी भरल्याच्या आणि पावसाच्या. शेवटी ‘कळावे.’ आणि त्याखाली त्यांची पूर्ण सही. आद्याक्षरं, आडनाव, खाली रेघ, अर्जावर करतात तशी. मुलाला. मी ते पत्र चुरगाळलं. मग पुन्हा उलगडलं, कारण समासात आईचं अक्षर दिसलं होतं. आडवं, बारीक, शिसपेन्सिलीने: ‘शनिवारी ये. ह्यांना सांगू नको मी लिहिलंय.’

मी शनिवारी गेलो. बाबा स्टँडवर आले होते. गाडी कुठली, कधीची, त्यांना कोणी सांगितलं होतं देव जाणे. घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. टांग्यात माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले. टिंबांबद्दलचा राग माझ्या मनात पुढे पुष्कळ वर्षं होता, आणि ती मांडीवरची पिशवीही होती. दोन्हींचा हिशेब मी अजून एका पानावर मांडू शकलेलो नाही.

ते गेल्यावर माळ्यावरून त्यांची एक फाइल निघाली. एका कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार. पत्रव्यवहार म्हणायचं, पण सगळी पत्रं यांचीच. सहा वर्षांत अकरा, तिकडून एकही नाही. विषय एकच, कसल्याशा शुल्काचा परतावा, रक्कम इतकी किरकोळ की टपालखर्च आणि कार्बन धरले तर दुसऱ्या वर्षीच तोटा सुरू झाला असणार. स्मरणपत्र क्रमांक एक, दोन, पाच, नऊ. भाषा हळूहळू आखडत जाते, ‘नम्र विनंती’ची ‘विनंती’ होते, ‘विनंती’चं ‘लक्ष वेधणे’ होतं. शेवट मात्र पहिल्या पत्रात आहे तोच अकराव्यात. मोठा वाय, लहान एफ, स्वल्पविराम. ज्याने सहा वर्षांत पोचही दिली नाही त्याचे हे अकराव्यांदा फेथफुली.

आधी मला त्याचा संताप आला. पोरांच्या पिढ्यांच्या पिढ्या याच खोलीत बसून हेच शिकल्या: खाली मान घालून वाट बघणं, तेही बिनचूक. मग मी पानं उलटत राहिलो आणि एक गोष्ट लक्षात आली. या सगळ्या कार्बन प्रती होत्या. सही मूळ प्रतीवर होते, ती गेली टपालात. फायलीतल्या प्रतीवर सहीची जागा कोरी राहते. म्हणजे अकरा पानं, जांभळट अक्षरं, ‘युअर्स फेथफुली’, स्वल्पविराम, चार ओळी मोकळ्या, आणि खाली कंसात नाव. माणूस येणार म्हणून जागा राखलेली, आणि माणूस नाही.

मी सवयीने एक पान खिडकीशी धरलं. एकही भोक नव्हतं. मग सगळी अकरा धरून पाहिली. दोन कागद आणि मधे कार्बन घालून मारताना एरवीपेक्षा जोर लावावाच लागतो. अकराव्या पत्रापर्यंत तर राग बोटांत उतरला असेल, मी असतो तर कागद फाडला असता. पण स्वल्पविराम प्रत्येक पानावर तसाच, हलका, शेपटीसकट पूर्ण उमटलेला.

पुढे टंकलेखनाच्या परीक्षा संगणकावर गेल्या आणि मशीन्स भंगारवाल्याने किलोवर नेली. एक मी ठेवून घेतलं आहे, मराठीतलं. त्याची शिफ्ट अडकलेली आहे, त्यामुळे त्यावर आता बहुतेक अक्षरं अर्धीच उमटतात.

त्या चहानंतर मी पुतणीचा अर्ज पुन्हा उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. नोकरी हैदराबादची होती. पुण्यातली आहे ती ती सोडणार होती, आणि का, ते दुसऱ्या परिच्छेदात तिने सभ्य इंग्रजीत झाकून लिहिलं होतं. पण घरच्या माणसाला कळावं इतपत ते उघडं होतं. गेले काही महिने तिथे तिचं बरं चाललेलं नव्हतं. त्या अर्जात दोन ठिकाणी चुकाही होत्या, खऱ्या चुका, तारखेच्या आणि पदाच्या नावाच्या, आणि त्या मला रात्री दिसल्या नव्हत्या. आता उशीर झाला होता, अर्ज गेला होता.

संध्याकाळी फोन केला. म्हटलं, ‘हैदराबादला एकटी राहशील?’

पलीकडे जरा वेळ काही नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे तू वाचलास?’

‘आज वाचला.’

ती हसली नाही. बोलायला लागली. पाऊण तास बोलत होती, मी मधे फक्त ‘हं’ म्हणत होतो. फोन ठेवता ठेवता तिला काहीतरी आठवलं. ‘आणि काका, ते एफचं मी केलं हां तू सांगितल्यासारखं. स्वल्पविरामपण दिला. पण पाठवल्यावर बघते तर खाली नावच टाकायचं राहिलंय.’